आक्कांची जपानी गिटार

आक्कांना कुणी ‘हे तुम्हाला शोभत नाही’ असं म्हटलं, की ती गोष्ट त्या हटकून दोनदा करायच्या. एकदा स्वतःसाठी आणि एकदा म्हणणाऱ्याला नीट दिसावी म्हणून. माझ्या सासऱ्यांच्या पश्चात त्यांनी हिरवं लुगडं नेसलं, तेव्हा भावकीतली एक बाई म्हणाली, ‘‘आता हिरवं शोभतं का?’’ दुसऱ्या दिवशी आक्का बारामतीला जाऊन तसलंच अजून एक घेऊन आल्या आणि ते नेसून त्या बाईच्या दारावरून दळण टाकायला गेल्या. गिरणी गावाच्या दुसऱ्या अंगाला होती, हे सांगायला नकोच.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी मोरगावची. आमच्याकडे ज्वारी-बाजरी आणि शेरडं. लग्न होऊन कोऱ्हाळे बुद्रुकला आले, तेव्हा चहूकडे ऊसच ऊस बघून माझा जीव गुदमरला होता. त्यात सासूबाईंबद्दल आधीच कानावर आलेलं, की बाई खमकी आहे, सांभाळून राहा. पहिल्याच सकाळी मी डोक्यावर पदर घेऊन चुलीपाशी उभी. आक्कांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘पदर पेटंल. काढ तो. हितं कुणाला दावायचाय?’’ त्या दिवसापासून आमचं जमलं. भांडणं झाली, नाही कशाला म्हणू? पण आमची भांडणं समोरासमोर असायची.

घर आमचं एकाच अंगणातलं, दोन वाटण्यांचं. समोरच्या घरात आक्कांचे थोरले दीर, म्हणजे आबा, आणि त्यांची बायको. त्यांना मी थोरल्या आई म्हणते. विजेचा मीटर दोन्ही घरांना मिळून एकच, तोही आबांच्या नावावर आणि आबांच्या भिंतीवर. आबा हा घराचा खांब. सासरे गेले तेव्हा माझा नवरा शाळेत जात होता. आबांनी दोन्ही घरांचा ऊस लावला, तोडला, कारखान्याला घातला आणि आमच्या वाट्याचं कांडंही इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. त्यामुळे आबांचा शब्द मोडायचा नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवावं लागत नसे. आक्काही मोडत नसत. गिटार येईपर्यंत.

आता उसाच्या गावात गिटार कशी आली? तर माझ्या मुलीमुळे. आर्याने हट्ट धरून बारामतीला गिटारचा क्लास लावला. तीन महिन्यांची फी आधीच घेतली त्यांनी. आक्का तिला एसटीने घेऊन जायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. महिना झाला नाही तोच आर्या म्हणाली, बोटं दुखतात, मला नाही जायचं. मी चिडले, ओरडले, पोरगी ऐकेना. आक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘फी भरल्याली हाय. आता कुणीतरी शिकाया पायजेच.’’ मला वाटलं, आर्याला टोमणा मारतायत. पुढच्या रविवारी आर्याची गिटार खांद्याला लावून त्या एकट्याच एसटीत चढल्या.

क्लासचे शेंडगे सर म्हणजे पंचविशीचा पोरगा. त्याने विचारलं, ‘‘आजी, आर्या कुठाय?’’ आक्का त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. ‘‘ती न्हाय यायची. मी आलीया. फी कुणाच्या नावानं भरलीया ते बघू नका, भरलीया का एवढं बघा.’’ बाकीची पोरं हसायला लागली. शेंडगे सर हसले नाहीत, हा त्या पोराचा चांगुलपणा. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, ‘‘ताई, बाकीच्यांना मी सांगतो घरी जाऊन सराव करा. आजींना सांगावं लागतं, आता बास करा.’’

अडचण एकच होती. आक्कांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक कडबाकुट्टीत गेलेलं. लग्नानंतर दोन-चार वर्षांत गेलं म्हणायच्या, आणि त्याचं त्यांना इतकंच वाटायचं, की त्या दिवशीचा कडबा वाया गेला. पण आर्याची ती लाकडी गिटार, जाड दांड्याची, तारा उंच. अर्ध्या बोटाने तार दबायची नाही. आक्का ओठ चावून दाबायच्या, बोट सोलून निघायचं, सूर मात्र खुडूक. एकदा मी म्हटलं, ‘‘जाऊ द्या आक्का, नसेल होत तर.’’ माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा म्हणून ते वाक्य तोंडातून काढलं नाही.

शेंडगे सरांनीच तोड काढली. म्हणाले, यांना इलेक्ट्रिक गिटार पाहिजे. तिचा दांडा बारीक असतो, तारा पातळ असतात, हलकं दाबलं तरी बोलते. त्यातही नवी स्वस्तातली घेऊ नका. जुन्या घाटाची, जपानमध्ये बनलेली बघा. एके काळी जपानी कारागिरांनी अमेरिकन गिटारींचा जुना घाट असा काही हुबेहूब उचलला, की घेणारे फसायचे नाहीत, मुद्दाम तीच घ्यायचे. अमेरिकनच्या मानाने बऱ्याच कमी पैशात तसलाच माल. फक्त खरी ओळखता आली पाहिजे आणि नशिबाने मिळाली पाहिजे.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात जपान शिरला. मी ब्लाउज शिवायला बसले, की आक्का शेजारी येऊन बसायच्या. ‘‘मोबाइल काढ. जपान लाव.’’ मी जुन्या मालाच्या जाहिराती लावायची. आक्का चष्मा पुसून एकेक फोटो बघायच्या आणि म्हशीच्या बाजारात उभ्या असल्यासारखी शेरेबाजी करायच्या. ‘‘ही लई चकचकीत हाय, हिनं काम केल्यालं दिसत न्हाय.’’ ‘‘हिची मान वाकडी.’’ ‘‘ह्याचा मालकच खोटा दिसतोय, गिटारीचं काय घिऊन बसलीस.’’ माझ्या शिलाईची गिऱ्हाइकं खोळंबायची. मी वैतागून म्हणायची, ‘‘आक्का, आधी हातशिलाई तरी करून द्या मला.’’ मग त्या एका हाताने हूक लावायच्या आणि दुसऱ्याने फोटो सरकवायच्या.

बारामतीतल्या एका पोराकडे एक ‘जपानी’ गिटार मिळाली म्हणून आम्ही गेलो. छापील पट्टी होती, त्यावर जपान लिहिलेलं. मी खूश. आक्कांनी गिटार उलटी केली, नखाने पट्टीचा कोपरा उचलला. खाली दुसरी पट्टी निघाली, दुसऱ्याच देशाची. पोरगा म्हणाला, ‘‘काकू, ओरिजनलच आहे, पॅकिंग तिकडं झालं असेल.’’ ‘‘व्हय की,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘पट्ट्या काय, द्राक्षाच्या पेटीवरबी आसत्यात. उठ गं वैशाली.’’ येताना एसटीत मी मनात म्हटलं, आता तरी हे वेड जाईल. आक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, ‘‘खोटी हाय म्हंजी खरीबी कुठंतरी हाय. खोट्याचा माल खऱ्याच्या जिवावर चालतो.’’

खरी सापडली ती इंदापूर तालुक्यात, डाळजला. शेंडगे सरांच्या ओळखीतून पत्ता लागला. सर्जेरावतात्या म्हणून एक गृहस्थ. कधीकाळी त्यांचा ऑर्केस्ट्रा होता, गणपतीत आणि जत्रांत गाजलेला. डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला. तात्या आता हायवेच्या कडेच्या रानात मका आणि ऊस करतात. वाद्यं एकेक करून गेली, एवढी एक गिटार राहिली. त्यांचे वाडवडील मेंढरं राखणारे. तात्यांच्या बोलण्यातही तो रानातला रोखठोकपणा होताच. आम्ही पोहोचलो, पाणी प्यायलो, आणि तात्या म्हणाले, ‘‘वाजवणार कोण?’’

‘‘मी,’’ आक्का म्हणाल्या.

‘‘शोकेसमधी ठेवाया पायजे आसंल तर मी इकत न्हाय.’’

‘‘माझ्याकडं शोकेस न्हाय. फळी हाय, तिच्यावर डबं हायती.’’

तात्यांनी आतून गिटार आणली. मधाच्या रंगाची, कडेकडेने काळपट होत गेलेली. वार्निशला बारीक तडे गेलेले, हात घासून घासून एका जागी लाकूड उघडं पडलेलं. मागे दांडा जिथे जोडतात तिथे लोखंडी चकती, आणि तिच्यावर ठोकून उमटवलेलं जपानचं नाव. आक्कांनी तिच्यावर नख फिरवलं. काही सुटलं नाही. मग त्यांनी ती मांडीवर घेतली आणि तात्यांनी तिची वायर आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला जोडली. आक्कांनी आमच्या भजनी मंडळातली एक चाल धरली. चुकत-माकतच, पण धरली. ते अर्धं बोट पहिल्यांदा तारेवर टेकलं आणि सूर निघाला. खणखणीत. आक्का थांबल्या, बोटाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी त्यांना सासऱ्यांच्या श्राद्धालाही कधी रडताना बघितलं नव्हतं. माझ्याच्याने तिथे बसवेना.

मग व्यवहार. मला वाटलं आता घासाघीस होईल. आक्कांनी तात्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बोट केलं. ‘‘आणा तो. बाजारासारखं करू.’’ आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने करत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं दाबली तितका आकडा. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसतं. आक्कांचे वडील बैलांचे व्यापारी, लहानपणी त्यांच्याबरोबर बाजार फिरून ही भाषा त्यांना येत होती. तात्या मात्र अवघडले. ‘‘बाईमाणसाबर रुमालाखाली हात कसा घालू?’’

‘‘तुमाला नातवंडं हायती, मलाबी हायती,’’ आक्का म्हणाल्या. ‘‘आणा हिकडं हात. का भाव करायला भ्या वाटतंय?’’

टॉवेल बराच वेळ हलत होता. तात्या मान हलवत, आक्का ‘अंहं’ म्हणत. शेवटी तात्यांनी काहीतरी दाबलं आणि म्हणाले, ‘‘ह्येच्या खाली न्हाय.’’ ‘‘ठरलं,’’ आक्का म्हणाल्या आणि टॉवेल बाजूला केला. त्यांनी डावा हात घातला होता. ‘‘चार बोटं धरली तुमी. त्यातलं एक अर्धं हाय. साडेतीन झालं.’’ तात्या त्या बोटाकडे बघतच राहिले. मग असे हसले, की त्यांच्या मालकीणबाई चहा टाकायच्या सोडून बाहेर आल्या. ‘‘आयला, बाई हाय का कोण!’’ तात्या म्हणाले, आणि साडेतीनलाच खोक्यासकट गिटार दिली. साडेतीन कशाचे, ते त्या दोघांनी मला सांगितलं नाही. नंतर अख्ख्या गावाने विचारलं, कितीला पडली? आक्कांचं उत्तर एकच. ‘‘टॉवेलाला ठावं.’’

घरी आलो तर थोरल्या आई अंगणात. आबा शेतात गेलेले बघून त्या गुपचूप भाकरीचा तुकडा घेऊन आल्या, गिटारीवरून ओवाळला, भोवती पाणी फिरवलं आणि कुंकू लावायला बोट पुढे केलं. मी ओरडले, ‘‘अहो, त्यात वीज असते!’’ थोरल्या आई घाबरून मागे सरल्या. आक्कांनी त्यांचं बोट धरून एका बाजूला, लाकडाला टेकवलं. तो कुंकवाचा ठिपका कधीच पुसला नाही. थोरल्या आई तशा मऊ बाई. आबांच्या शब्दाला त्यांनी उभ्या जन्मात उलटा शब्द दिला नव्हता. आबा जेवल्याशिवाय त्या पाणीही पीत नसत. आक्का त्यांना चिडवायच्या, ‘‘बाई, तुमचा आवाज कसा आसतो ते मला भजनातच कळतं.’’

आबांना कळलं तेव्हा ते ओसरीत येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. ‘‘ह्या घरातली बाई गळ्यात वाजंत्री आडकवून बसली, तर सोयरंधायरं काय म्हणत्याल?’’

‘‘म्हणू द्या की आबा. त्यास्नीबी काय काम पायजे का न्हाय?’’

आबांनी त्यानंतर आठवडाभर आमच्याकडचा चहा घेतला नाही. आक्का रोज कप भरून ओसरीत ठेवायच्या, थंड झाला की झाडाला घालायच्या. त्यांना याचं दुःख नव्हतं असं नाही. एका संध्याकाळी म्हणाल्या, ‘‘ह्या माणसानं मला उघड्यावर पडू दिलं न्हाय, वैशाली. त्याचं मी कधी इसरणार न्हाय. पण म्हणून माझी बोटंबी त्याचीच झाली व्हय?’’ मी माझ्याकडचा इरकलीचा जुना काठ काढला आणि गिटारीला गळ्यात घालायचा पट्टा शिवून दिला.

आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. थोड्या दिवसांच्या आजाराने गेल्या, दवाखान्यात त्या नर्सशीही भांडल्या. गिटार माझ्या मशीनच्या वर भिंतीला टांगली आहे. आर्या वाजवते. आजीपेक्षा खूपच बरी वाजवते, पण आजीइतकी हट्टाने नाही. लोक येतात, हळहळतात, म्हणतात मोठी हौशी बाई होती. माझं डोकं सणकतं. हौस! हौशीसाठी कुणी एवढं सोसत नाही. काय सोसलं आणि कशासाठी, ते सप्त्याच्या दिवशी बघितलंय मी.

आमच्या मारुतीच्या देवळात दर वर्षी सप्ता बसतो. दुपारची पाळी बायकांच्या भजनाची. त्या वर्षी आमच्या मंडळातली पेटी वाजवणारी बाई मुलाकडे पुण्याला राहायला गेली आणि मंडळाला सूर धरायला कुणी उरलं नाही. आक्का म्हणाल्या, ‘‘मी देते सूर.’’ बायका आधी हसल्या. मग महिनाभर आमच्या ओसरीत सराव झाला आणि हसू मावळलं. गिटारीचा सूर मृदंगाखाली असा काही पसरायचा, की धुरपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरताना बायकांचे गळे मोकळे व्हायचे. सप्ता दोन दिवसांवर आला आणि आबांनी, देवळाचे पंच म्हणून, निरोप धाडला. इलेक्ट्रिकचं वाद्य देवळात चालणार नाही. आक्का तडक देवळात गेल्या. मी मागे.

‘‘इलेक्ट्रिकचं चालत न्हाय? मग तुमचा भोंगा कशावर चालतो आबा, राकेलवर?’’

पंचांतले दोघे खाली बघून हसले. आबा हसले नाहीत. ‘‘भोंगा येगळा. ह्ये शिनेमातलं वाद्य हाय.’’

‘‘वीणा गळ्यात आसती, हीबी गळ्यात आसती. वीणंला तारा, हिलाबी तारा. फरक एवढाच, की वीणा तुमच्या गळ्यात आसती.’’

आबा उठले. ‘‘देवळात न्हाय म्हंजी न्हाय. तुला वाजवायची तर वाजव तुझ्या अंगणात. बघू किती बाया येत्यात.’’

‘‘बघा की,’’ आक्का म्हणाल्या.

सप्ता बसला, त्या दुपारी आक्कांनी अंगण झाडलं, सडा टाकला, सतरंज्या अंथरल्या. ओसरीतल्या प्लगला खोका जोडला. गिटार गळ्यात घालून बसल्या. शेजारी मी, हातात टाळ, आणि मृदंगवाली रखमाबाई. आणि कुणी नाही. बायका येऊन बोळाच्या तोंडाशी घुटमळत होत्या, कारण अंगण अर्धं आबांचं होतं. आक्का तारा लावत बसल्या. मला राहवेना. मी म्हटलं, ‘‘कुणी नाही यायचं, आक्का. सगळ्या मेल्या भित्र्या आहेत.’’ त्या म्हणाल्या, ‘‘भित्र्या न्हायत, त्यास्नी घरी जाऊन नांदायचंय. तू धर ताल.’’ पण लावलेलीच तार त्या पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. आज कुणी आलं नसतं, तर ती गिटार पुन्हा कधी वाजली नसती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

समोरचं दार उघडलं. थोरल्या आई. पदराखाली काहीतरी झाकलेलं. अंगण ओलांडून त्या आल्या, सतरंजीवर अगदी कडेला बसल्या आणि पदराखालून टाळ काढले. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं आणि अभंग धरला. मग बोळातून एक बाई आली, तिच्यामागे दोघी, मग घोळका. सतरंज्या पुरेनात. मी घरातल्या चादरी आणून टाकल्या. असलं भजन आमच्या गावात झालं नसेल. माझ्या अंगावर काटा आला होता आणि मी ताल चुकत होते.

देवळातली पाळी रिकामी गेली. आबा घराकडे आले. अंगणाच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांची नजर थोरल्या आईंवर गेली. ‘‘घरी चल,’’ ते म्हणाले.

थोरल्या आईंनी वर बघितलं नाही. टाळ चालूच.

‘‘चल म्हणतोय न्हवं?’’

‘‘अभंग चालूय,’’ त्या म्हणाल्या.

आबा वळले, आपल्या भिंतीपाशी गेले आणि मीटरच्या पेटीतला खटका खाली ओढला. सूर एकदम तुटला. ओसरीतला पंखाही थांबला. बायकांचे आवाज डळमळले, टाळ विस्कटले. कुणी पदर सावरला, कुणी उठायच्या बेतात. आक्कांनी मात्र हात थांबवला नाही. खाली मान घालून त्या वाजवतच होत्या. नुसत्या तारांची किणकिण, शेजारी बसलेल्या मलाच काय ती ऐकू यावी एवढी. माझं रक्त उसळलं. मी उठले, तर आक्कांनी नजरेनेच मला खाली बसवलं.

थोरल्या आईंनी टाळ मांडीवरून बाजूला ठेवले. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, लुगड्याची धूळ झटकली आणि अंगण ओलांडून मीटरपाशी गेल्या. आबा पेटीसमोरच उभे होते.

‘‘सरा जरा,’’ थोरल्या आई म्हणाल्या.

आबा सरले. कदाचित इतक्या वर्षांत त्यांना कुणी सरा म्हटलं नव्हतं, म्हणूनही असेल. थोरल्या आईंनी टाच उचलून खटका वर केला. खोका घुमला, आक्कांची बोटं जिथं होती तिथूनच सूर अंगणभर झाला. थोरल्या आई तिथूनच, आबांच्या शेजारी उभ्या राहून, आम्हा सगळ्यांना ओरडून म्हणाल्या, ‘‘धुरपदापासनं धरा गं!’’